‘सात जगांचा पाहुणा’चा शेवटचा भाग कोणी लिहिला?

१

शुक्रवारी सकाळी ‘सात जगांचा पाहुणा’ ही मालिका संपली, आणि जो ती लिहीत होता त्यालाच ते सगळ्यांच्या शेवटी कळलं.

ही मालिका म्हणजे काय ते आधी सांगते, कारण शहाण्या माणसांना ती ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते कबूल करत नाहीत. फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतले नायक उसने घ्यायचे आणि त्यांच्यावर आपली गोष्ट रचायची. ‘पाहुणा’ असं टोपणनाव घेतलेल्या एका मुलाने त्याच्याही पुढे मजल मारली. सात वेगवेगळ्या गोष्टींतले नायक त्याने एकत्र आणले. आकाशजहाजाचा कप्तान, यंत्रमाणसांची राणी, वाघावर बसणारा राजपुत्र, सगळे. आणि त्यांच्यात स्वतःला घुसवलं. मुखवटा नाही, आडपडदा नाही. खुर्चीवर बसून लिहिणारा तोच मुलगा जाऊन कप्तानाच्या शेजारी उभा, आणि कप्तान त्याला सल्ला विचारतोय!

हसा, मीसुद्धा हसले होते. मग रात्री जागून सगळे भाग वाचले. त्या मालिकेनंतर आमच्या फॅनफिक्शनच्या साइटवर जो तो स्वतःला गोष्टीत घुसवायला लागला. माझ्या गोष्टीत मी तलवारबाजीत तिघांना लोळवते. प्रत्यक्षात मला जिना चढताना धाप लागते. साइटवर मला सगळे ‘काकू’ म्हणतात, कारण देखरेखीचं काम माझ्याकडे आहे आणि मी खेकसते. घरी मात्र अळीमिळी गुपचिळी. नवऱ्याला वाटतं मी दवाखान्याचे हिशेब करते.

पाहुण्याचा एक नियम होता, तो पुढे सगळ्या साइटचा झाला. ‘आपलं तोंड आपलंच.’ गोष्टीत खरं माणूस घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, त्याला नाचवा, पळवा, पण त्याच्या तोंडी वाक्य घालायचं नाही. तेवढी जागा मोकळी ठेवून प्रसंग त्याच्याकडे पाठवायचा आणि त्याचं बोलणं त्याने स्वतः लिहून द्यायचं. काल्पनिक पात्राच्या तोंडी मात्र कुणीही काहीही घालावं. हा नियम आम्ही इतका पाळतो की तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मालिकेत पाहुण्याइतकीच, खरं तर जास्तच, लाडकी होती चिमणी. पाहुण्याच्या मागे लागून सातही जगांत हिंडणारी एक फटकळ पोरगी. नायक जग वाचवायच्या गप्पा मारत असले की ही विचारणार, ‘जग वाचेल हो, पण आज झोपायचं कुठे?’

आणि मग, दहा-बारा वर्षांपूर्वी, मालिका मध्येच थांबली. वाचकांनी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, पाहुणा फिरकला नाही.

त्या शुक्रवारी पाहुण्याच्याच खात्यावरून शेवटचा भाग आला. तळाशी एक ओळ होती. ‘या गोष्टीतलं खरं माणूस कोण होतं, ते रविवारी नावानिशी सांगेन.’

दुपारी मला देखरेखीच्या पत्त्यावर निरोप आला. ‘मी पाहुणा. तो भाग मी लिहिलेला नाही. कृपा करून भेटा.’

२

मी कान तपासते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा आणि त्याला काय ऐकू येतं, काय येत नाही ते पाहायचं. पाहुणा त्याच खोलीत येऊन बसला. निम्म्याहून अधिक केस पांढरे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एका मोठ्या शाळेचा उपमुख्याध्यापक.

‘कान दाखवायला जातो असं शाळेत सांगून आलोय,’ तो म्हणाला.

‘मग दाखवा. बाहेरची बाई काचेतून बघतेय.’ मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, एक कान मोकळा ठेवून.

‘मॅडम, सोमवारी संस्थेची समिती बसतेय. मला मुख्याध्यापक करायचं की नाही ते ठरणार आहे. मी मुलांकडची असली पुस्तकं जप्त करतो. असलं काही वाचताना कुणी सापडला तर पालकांना बोलावतो. आणि रविवारी कुणीतरी जगाला सांगणार की यंत्रमाणसांच्या राणीने ज्याला मिठी मारली तो मीच.’

‘दोनदा मारली,’ मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. मला आधी गंमत वाटली आणि मग वाटली नाही. या माणसाच्या गोष्टीवर आम्ही हजारो लोक वाढलो होतो आणि तो चोरीचा माल सापडल्यासारखा बसला होता.

‘तो भाग काढून टाका. तुमच्या हातात आहे.’

‘खात्याच्या मालकाने सांगितलं तर काढेन. पण काढून काय होणार? ज्याच्याकडे खातं आहे तो रविवारी पुन्हा टाकेल. आधी माणूस सापडायला हवा. पासवर्ड कुणाकडे होता?’

‘माझ्या जोडीदाराकडे. भिडूकडे. मध्यंतरी काही भाग आम्ही मिळून लिहिले.’

‘पण इथे पासवर्ड कुणी घातलेलाच नाही सर. मी तपासलं. कधीकाळी उघडलेलं खातं कुठल्यातरी यंत्रावर तसंच उघडं राहिलंय, तिथून हा भाग आलाय. तुमचा जुना कॉम्प्युटर कुठे आहे?’

‘जुन्या घरी.’ तो थांबला. ‘भंगारात गेला असेल. तिथे आता भाडेकरू आहेत.’

‘भिडूने कधी स्वतःच्या यंत्रावरून खातं उघडलं होतं?’

‘उघडलं असेल. आणि तो ‘पहारेकरी’, साइटवरचा जुना वाचक. त्याला एकदा चुका दुरुस्त करायला खातं दिलं होतं.’

‘आणखी कुणी?’

‘नाही.’

‘चिमणी कोण होती?’

मी सहज विचारलं होतं. वाचक म्हणून, तपास म्हणून नव्हे.

‘काल्पनिक,’ तो म्हणाला, आणि हेडफोन काढून उभा राहिला. हेडफोनची वायर अजून मशीनला होती, ती ताणली गेली. ‘पूर्णपणे काल्पनिक.’

३

भिडू आता टीव्हीसाठी मालिका लिहितो. स्टुडिओच्या कँटीनमध्ये त्याने मला अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं.

‘काकू, हळू बोला. इथे कुणाला माहीत नाही. माझ्या सासू-सुनांना जी दोन जगांतली खिडकी सापडते ना, ती कुठून आली हे कळलं तर माझं हसं होईल.’

‘मालिका पुन्हा गाजली तर तुमचाच फायदा की.’

‘फायदा? शेवटचा भाग वाचलात? मला हमाल केलंय हो! अख्खा भाग मी पेटी उचलून चाललोय. एक वाक्य नाही तोंडात! मी लिहिला असता तर निदान एक चुरचुरीत वाक्य स्वतःला दिलं नसतं?’

‘मुद्दाम गप्प बसला असाल. संशय येऊ नये म्हणून.’

‘मी? गप्प?’ तो म्हणाला, आणि ते मला पटलं.

चहा आला. भिडूने पहिला घोट असा ओढला की पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

‘तुमच्या चहावरून चिमणीने एकदा तुमची खेचली होती ना?’ मी म्हणाले.

‘नाव काढू नका! पहिल्यांदाच मी पाहुण्याच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत बसवलं आणि हा गेला दुकानात बिस्किटं आणायला. मी एकटाच चहा पीत बसलो. आतल्या खोलीतून कुणीतरी खुसकन हसलं. हा आल्यावर विचारलं, तर म्हणाला कामाला येणारी बाई आहे. आणि आतलं दार लावून घेतलं. पुढच्याच भागात चिमणी म्हणते, ‘भिडू चहा पीत नाही, चहाला दम देतो.’ पाहुण्याची नजर मोठी तीक्ष्ण, दुसरं काय.’

मी माझा कप खाली ठेवला. तुम्ही चहा प्यायलात तेव्हा पाहुणा दुकानात होता ना, असं ओठावर आलं होतं. पण भिडूच्या ते गावीही नव्हतं, आणि आधी दुसऱ्या माणसाला भेटायचं होतं.

४

पहारेकरी हा बुवा असेल अशी माझी समजूत होती. निघाली एका लॅबची डॉक्टर, रक्ताचे नमुने तपासणारी. सूक्ष्मदर्शकाशेजारच्या पडद्यावर रिपोर्ट होता आणि रिपोर्टमागे आमची साइट.

‘सगळ्यांना मीच वाटते, हो ना?’ तिने दार लोटून घेतलं. ‘मी म्हटलं होतं खरं. लिहिलंही होतं, पाहुण्याने संपवलं नाही तर दुसरं कुणीतरी संपवेल. पण काकू, मी नाही लिहिलं. मीही आहे त्या भागात. पुलावर उभी, कंदील घेऊन. तोंडातून शब्द नाही.’

‘तुमच्याकडून वाक्य मागवलं नाही?’

‘मागवलं असतं तर रडले असते आनंदाने.’ ती खरंच रडकुंडीला आली होती आणि त्याची तिला लाज वाटत होती. रुमाल म्हणून तिने कापसाचा बोळा डोळ्यांना लावला. ‘आणि लिहायचं म्हटलं तरी जमलं नसतं. चिमणी वाचलीत ना त्यातली? ती तीच आहे. साइटवर शंभर जणांनी चिमणी आपापल्या गोष्टीत घेतली, मीसुद्धा घेतली. काल्पनिक आहे, कुणीही बोलवावी. पण कुणाचीच तशी बोलत नाही. आमच्या चिमण्या नुसत्या उद्धट. ही आधी हसवते आणि मग लागतं.’

‘मग पाहुण्यानेच लिहिलं असेल?’

‘नाही हो. पाहुणाही गप्प आहे या भागात. स्वतःच्या मालिकेचा शेवट लिहील आणि स्वतः एक शब्द बोलणार नाही, असं होईल का? आणि पाहुण्यालाही चिमणी साधत नव्हती शेवटी शेवटी. शेवटच्या काही भागांत ती बोलतच नाही, विसरलात? मौनव्रत! त्यावर आम्ही केवढ्या चर्चा केल्या. कुणी म्हणे तिला शाप आहे, कुणी म्हणे तिचा आवाज राणीने चोरलाय.’

लॅबमधून बाहेर पडले तेव्हा माझ्या हाती शून्य होतं. पाहुणा गप्प, भिडू गप्प, पहारेकरी गप्प. तिघांपैकी एक चोर असता तर त्याने स्वतःचं तोंड बंद ठेवून बाकीच्यांना बोलकं केलं असतं. चोराच्या मनात चांदणं असतंच. पण इथे झाडून सगळी खरी माणसं मुकी होती. ही लबाडी नव्हती, ही सवय होती. लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं जमलंच नव्हतं.

म्हणजे लिहिणारं माणूस नियम कसोशीने पाळणारं. आणि अख्ख्या भागात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बोलत होती फक्त एक जण. जी मुळात नव्हतीच.

५

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असतो. दार लावून मी जुने भाग वाचायला घेतले, आणि या खेपेला गोष्टीपेक्षा खालचे अभिप्राय जास्त बघितले.

जिथे चिमणीचं बोलणं बंद होतं, त्याच्या आदल्या भागाखाली कुणा वाचकाने विचारलं होतं, ‘चिमणी तुमची खरी बहीण आहे का हो? इतकी खरी वाटते.’ त्याखाली पाहुण्याचं उत्तर होतं. ‘नाही. मला बहीण नाही. चिमणी काल्पनिक आहे.’

त्यानंतर चिमणी एक शब्द बोललेली नाही. थोडेच भाग आले आणि मालिका थांबली.

मी सरांना फोन करून बोलावून घेतलं. या वेळी हेडफोन दिला नाही.

‘सापडला?’ त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

‘सर, चिमणी हल्ली काय काम करते?’

त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो. सरांनी खिशातली दोन्ही पेनं काढून परत लावली.

‘कशावरून म्हणता?’

‘तुम्ही बिस्किटं आणायला गेलात तेव्हा भिडूच्या चहाला कोण हसलं? जे तुम्ही पाहिलं नाहीत ते चिमणीच्या तोंडी आलं, कारण ज्याने पाहिलं त्यानेच ते वाक्य लिहून दिलं. आपलं तोंड आपलंच. हा नियम तुम्ही केलात आणि तुमच्याइतका तो कुणी पाळला नाही. तिला काल्पनिक म्हणालात, तिने लिहून देणं बंद केलं. तुम्हाला वाटलं असतं तर तुम्ही तिच्या तोंडी काहीही घालू शकला असतात, नियमाची अडचणच उरली नव्हती. पण तुम्हाला ते करवलं नाही. ती गप्प झाली आणि तुमची मालिका बसली. साऱ्या जगाला वाटलं पाहुणा आळशी.’

‘ती लहानपणी वर्षभर प्लॅस्टरमध्ये होती,’ ते म्हणाले. ‘कंबरेपासून खाली. हलता यायचं नाही. मी तिच्या उशाशी बसून लिहायचो. गोष्टीत ती पळायची. तिची वाक्यं तीच सांगायची, मी नुसतं उतरवायचो. लोक हसायचे ना, ते तिच्यावर हसायचे. माझ्यावर नाही.’

‘मग बहीण नाही असं का लिहिलंत?’

‘शाळेत मला लंगडीचा भाऊ म्हणायचे. नावच पडलं होतं. कॉलेजला दुसरीकडे गेलो, तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा म्हणालो, एकुलता एक आहे. मग ते निस्तरत गेलो. पहिल्या नोकरीत तेच सांगितलं, या शाळेतही तेच. साइटवर तो प्रश्न आला तेव्हा मागे शाळेतली माणसं वाचत असतील की काय, म्हणून...’ त्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवला. ‘मला गोष्टीची लाज वाटते असं मी सगळ्यांना भासवतो. ती वाटतेच. पण तेवढीच नाही.’

‘भाडेकरू?’

‘जुन्या घरी तीच राहते. जातो मी महिन्यातून एकदा. कुणी ओळखीचं रस्त्यावर नाही ना बघून.’

मला त्यांचा राग आला होता, पण रागावायला तोंड हवं. माझी गोष्ट मी नवऱ्यापासून लपवते. यांनी माणूस लपवलं होतं.

‘चला,’ मी म्हणाले. ‘उद्या रविवार आहे.’

६

ज्यांचे पाय सरळ नाहीत त्यांच्यासाठी बूट करणारं वर्कशॉप होतं ते. शहरात तसलं एकच. भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव. चामड्याचा आणि गोंदाचा वास. ती टेबलापाशी उभी राहून एका टाचेला आतून जाड तळवा चिकटवत होती. एक खांदा खाली, तिच्या स्वतःच्या उजव्या बुटाला चांगली चार बोटं टाच.

भावाला बघून तिने हातातलं काम ठेवलं नाही. ‘इथे? दिवसाउजेडी?’

‘या साइटच्या काकू,’ सर म्हणाले.

‘ओळखते. तलवारबाजी.’ ती हसली, आणि खुसकन म्हणजे कसं ते मला कळलं. मग भावाकडे वळली. ‘घाबरलास होय? अरे, तुझं नाव कशाला सांगू? माझं सांगणार होते. नावानिशी म्हणजे माझ्या नावानिशी. बाकीच्यांना विचारल्याशिवाय त्यांचं कसं सांगेन?’

‘पण आत्ताच का?’ मी विचारलं. ‘इतकी वर्षं गप्प बसून?’

‘गेल्या महिन्यात कुणीतरी लिहिलं, चिमणी वारली असं धरूनच आता वाचायला हवं. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. ही मोठी रांग. मी इथे जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून माझीच श्रद्धांजली वाचत बसले.’ ती अजून हसत होती. ‘काल्पनिक म्हणालास ना, तेही चाललं. त्यानंतर कुणीही उठावं आणि माझ्या तोंडी काहीही घालावं, तेही सोसलं. पण मेले म्हटल्यावर म्हटलं, एकदा तरी आपणच बोलावं.’

त्या जोडलेल्या हातांत माझेही हात होते. मी साच्यांवरची नावं वाचायला लागले. चोर शोधायला निघाले होते आणि सापडली ती जिची चोरी झाली होती. त्या चोरीत मीही भागीदार होते.

सर काहीतरी बोलणार तेवढ्यात दार उघडलं. एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आत आल्या. सरांचा चेहरा उतरला, आणि कोण आलं ते मला त्यावरून कळलं.

‘अय्या, सर तुम्ही? इथे?’

‘या आमच्या संस्थेच्या चिटणीसबाई,’ सर मला म्हणाले.

पुढचं बहिणीनेच सांभाळलं. टाच खाली ठेवून, अगदी सहज, रोज सराव असल्यासारखं.

‘सर त्यांच्या शाळेतल्या एका मुलीच्या बुटांची चौकशी करायला आलेत बाई. बसा ना आजी, माप घेऊन टाकू.’

चिटणीसबाई सरांकडे वळल्या. ‘स्वतः आलात? एका विद्यार्थिनीसाठी? सर, सोमवारी मी समितीला हे आवर्जून सांगणार बघा. असा मुख्याध्यापक हवा.’

सरांनी मान हलवली. नाही म्हणायला नव्हे, हो म्हणायला.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं. ती तोवर पाय ओढत आजींपर्यंत गेली होती, खाली बसून कागदावर त्यांचा पाय ठेवत होती. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मान वर न करता म्हणाली, ‘सर, तुमचं ते काम मी आज घरी गेल्यावर काढून टाकते. काळजी करू नका.’

शेवटचा भाग काढून टाकणार होती ती. म्हणजे झालं. सरांचं नाव वाचलं, सोमवार वाचला, वर चिटणीसबाईंची शाबासकी फुकट. माझा तपास यशस्वी झाला होता. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर पायरीवर सर थांबले. गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती.

‘ती मला सर म्हणाली,’ ते म्हणाले.

‘तुम्हीच शिकवलंत तिला.’

ते तसेच उभे राहिले. मग किल्ली खिशात टाकली आणि आत गेले. मीही मागोमाग गेले, कारण मला बाहेर उभं राहवलं नाही.

‘बाई,’ सर म्हणाले. चिटणीसबाईंनी वर पाहिलं. ‘मी चौकशीला आलो नव्हतो. ही माझी धाकटी बहीण आहे. सख्खी.’

‘पण तुम्ही तर एकुलते...’

‘खोटं सांगितलं होतं.’

‘सर, अहो, राहू द्या ना,’ ती खालून म्हणाली. तिची पेन्सिल आजींच्या टाचेपाशी थांबली होती.

आजींना कमी ऐकू येत असावं, त्या मोठ्याने बोलत होत्या. ‘मी कधीची येते हिच्याकडे. दुनियेच्या गप्पा मारते माझ्याशी. भाऊ आहे म्हणून कधी बोलली नाही ती!’

‘मीच सांगू दिलं नाही तिला,’ सर म्हणाले. ‘लाज वाटायची.’

‘कशाची?’ आजींनी विचारलं. ‘हिची?’

चिटणीसबाई आईला गप्प करायला पुढे झाल्या, पण प्रश्न विचारून झाला होता. सर बहिणीकडे बघत होते. ती कागदाकडे बघत होती. हो म्हणणं भाग होतं आणि तिच्यासमोर म्हणणं भाग होतं.

‘हो,’ सर म्हणाले. ‘हिची.’

पेन्सिल फिरवत तिने आजींच्या पायाची उरलेली रेघ पुरी केली, कागद उचलला, त्यावर नाव घातलं. मग कोपऱ्यातल्या बाकाकडे हनुवटीने खूण केली.

‘बस तिकडे,’ ती भावाला म्हणाली. ‘दुसऱ्या पायाचं माप राहिलंय अजून.’

सर जाऊन बसले. बाकावर अर्धवट शिवलेले बूट पडले होते, ते त्यांनी मांडीवर घेतले आणि तसेच बसून राहिले.